कड्यावरचं झुडूप आणि उतारावरचा नेचा: एक प्रकरण अभ्यास

तृतीय वर्षाच्या वर्गात हे प्रकरण मी नावं झाकून देतो. फळ्यावर एवढंच लिहितो: "झाड क: मोठ्या पांढऱ्या फुलांचं झुडूप, समुद्राकडच्या कड्यावर दोन शिल्लक. झाड ख: बोटभर उंचीचा नेचा, डोंगराच्या उतारावर चार शिल्लक. दोन्ही नामशेष झाली असं सगळे धरून चालले होते. काल सापडली. उद्या सकाळी तुम्ही काय कराल?"

पोरं हुशार असतात, पण उत्तर ठरलेलं येतं. कुंपण घालू, वनखात्याला कळवू, टिश्यू कल्चर करू. मी विचारतो, "हे क साठी की ख साठी?" वर्ग जरा गप्प होतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "सर, दोघांसाठी." तास खरा तिथून सुरू होतो.

लिहिताना मात्र झाडांची आणि ठिकाणांची नावं झाकण्यात अर्थ नाही, दोन्ही घटना जाहीर नोंदीतल्या आहेत. माणसांपैकी ज्यांची नावं त्या नोंदींत कायमची बसली आहेत तेवढीच घेतो. दोर धरणारे, पाणी वाहणारे, काचेच्या नळ्या धुणारे भूमिकेनेच येतील.

पार्श्वभूमी

क म्हणजे सेंट हेलेना बेटाची एबनी, ट्रोकेटिऑप्सिस एबेनस. ख म्हणजे असेन्शन बेटावरचा पार्सली नेचा, ॲनोग्रामा असेन्शनिस. दोन्ही बेटं दक्षिण अटलांटिकमध्ये, एकमेकांपासून सुमारे १,३०० किलोमीटरवर आणि एकाच ब्रिटिश कारभाराखाली. दोन्ही वनस्पती आपापल्या बेटाबाहेर निसर्गात कुठेही नाहीत.

नावात एबनी असली तरी आपल्या आबनुसाशी किंवा टेंभुर्णीशी तिचं नातं नाही. ती जास्वंद, भेंडी, कापूस यांच्या कुळातली. लाकडाचा गाभा काळाभोर, म्हणून एबनी. नेचा मात्र आपल्या ओळखीच्या घरातला: जुन्या विहिरीच्या चिऱ्यांत उगवणारा हंसराज ज्या कुळातला, त्याच कुळातला. पानं कोथिंबिरीसारखी कातरलेली आणि इतकी पातळ की चिमटीत धरली तर चुरगळतील.

सेंट हेलेना आपल्याला नेपोलियनमुळे ठाऊक. त्याआधीही मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाराशी हे बेट बांधलेलं होतं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होईपर्यंत हिंदुस्थानातून विलायतेला निघालेली गलबतं आफ्रिकेला वळसा घालून जात आणि गोडं पाणी, ताजी भाजी भरायला इथे नांगर टाकत. पोर्तुगिजांनी १५०२ मध्ये बेट शोधलं आणि पुढच्या खेपेला ताजं मांस मिळावं म्हणून शेळ्या सोडल्या. तिथे वाघ नाही, लांडगा नाही. शेळ्यांचे कळप झाले. बेटावरच्या झाडांनी चरणारं जनावर कधी पाहिलंच नव्हतं. काटे नाहीत, कडवटपणा नाही, फुटवे आले की खाल्ले गेले. उरलेली एबनी माणसांनी सरपणात घातली, विशेषतः चुन्याच्या भट्ट्यांत.

१७४५ मधला एक पत्रव्यवहार मी वर्गात नेहमी सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या तिथल्या गव्हर्नरने लंडनला लिहिलं की शेळ्या एबनीच्या कोवळ्या रोपांची साल सोलून खातात, त्या मारायची परवानगी द्या. संचालकांच्या उत्तराचा आशय असा: शेळ्या मारू नयेत, एबनीपेक्षा त्या जास्त उपयोगाच्या आहेत. हिशेब म्हणून उत्तर चुकीचं नव्हतं. शेळीचं मांस जहाजाला विकता येत होतं, रोपट्याला गिऱ्हाईक नव्हतं.

पुढे शंभराहून अधिक वर्षं जिवंत एबनी कोणाला दिसली नाही. कोरड्या टेकड्यांवर मेलेल्या झाडांचे काळे, टणक तुकडे मात्र मातीत सापडत राहिले. बेटावरचे कारागीर ते गोळा करून लाकडी वस्तूंवर जडावकाम करत. झाड गेलं तरी लाकूड बाजारात होतं.

असेन्शनची गोष्ट उलटी आहे. तिथे हिरवळ कमी झाली नाही, वाढली. मुळात ज्वालामुखीचं राखाडी बेट, १८१५ पर्यंत वस्ती नाही. नेपोलियनला सेंट हेलेनावर आणलं, तेव्हा त्याला कोणी सोडवायला येऊ नये म्हणून ब्रिटिशांनी या शेजारच्या बेटावरही शिबंदी बसवली. पाण्याचे हाल होते. १८४३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर येऊन गेला आणि डोंगरावर झाडं लावा, धुकं अडेल, पाणी टिकेल असा सल्ला दिला. पुढची कित्येक दशकं जगभरातून रोपं येत राहिली आणि ८५९ मीटर उंचीच्या ग्रीन माउंटनच्या माथ्यावर माणसाने लावलेलं जंगल उभं राहिलं. आज तिथे बांबू आहे, पेरू आहे, आलं-हळदीच्या कुळातली झाडं आहेत. ज्या उघड्या, ओलसर कडांवर मूळचे छोटे नेचे वाढत, तिथे पाहुणे शिरले.

पार्सली नेचा १९५८ मध्ये शेवटचा पाहिल्याची नोंद होती. २००३ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक तांबड्या यादीत त्याच्यापुढे 'नामशेष' लिहिलं गेलं.

एकाला जनावरांनी खाल्लं, दुसऱ्याला झाडांनी दाबलं. हा फरक पुढे कामाला येतो.

अडचण

१९८० मध्ये सेंट हेलेनावरचे वनकर्मचारी जॉर्ज बेंजामिन आणि तेव्हा तरुण असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ क्वेंटिन क्रोंक यांना एका कड्यावर दोन झुडपं दिसली. शेळी पोचणार नाही अशी जागा, म्हणूनच उरलेली. माणूसही सहज पोचणार नाही अशी जागा. बेंजामिन यांच्या भावाने दोर बांधून खाली उतरून फांद्या आणल्या.

२००९ च्या जुलैमध्ये असेन्शनवर संवर्धनाचं काम पाहणारे स्टेडसन स्ट्राउड आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फिल लँबडन ग्रीन माउंटनच्या एका अवघड उतारावर फिरत असताना त्यांना नेच्याची चार रोपं सापडली. स्ट्राउड मूळचे सेंट हेलेनाचे. ज्या बेटावर एबनी परत आली, तिथला माणूस शेजारच्या बेटावर पुन्हा तसाच क्षण पाहतो, हा योगायोग मला फार आवडतो.

वरवर पाहता अडचण एकच: मोजकी झाडं, धोक्याची जागा, चूक करायला वाव नाही. पण झुडूप आणि नेचा यांची घड्याळं वेगळी चालतात.

एबनी लाकडी. कड्यावर ती कित्येक वर्षं वारा आणि खारा शिडकावा सोसत उभी होती. महिनाभर उशीर झाला असता तरी बहुधा उभीच राहिली असती. फांदी कापली तरी मूळ झाड मरत नाही. बी धरलं तर ते वाळवून पाकिटात ठेवता येतं, टपालाने पाठवता येतं.

नेच्याला फूल नाही, बी नाही. पानामागे बीजाणू धरतात, धुळीइतके बारीक. बीजाणू थेट नेचा होत नाही. त्यातून आधी नखाएवढा हिरवा पापुद्रा होतो, त्याला युग्मकोद्भिद म्हणतात. त्याच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात आणि नरपेशीला मादीपेशीपर्यंत पोहत जावं लागतं, म्हणजे पाण्याचा पातळ थर असायलाच हवा. मग कुठे खरा नेचा डोकं वर काढतो. अशा चार नाजूक रोपांवर एक कोरडा आठवडा गेला की गोष्ट संपली. छाटायला फांदी नाही, कलम करायला खोड नाही.

समोरचे पर्याय

तेव्हा कोणी बैठक घेऊन असे पर्याय मांडले होते, असा माझा दावा नाही. हे आपण आज मागून मांडतोय, म्हणून जास्त नीटनेटकं दिसतं.

एबनीसाठी सगळ्यात सोपा मार्ग होता काहीच न करणं: झुडपं जिथे इतकी वर्षं टिकली तिथे राहू द्यावीत, ठिकाण गुप्त ठेवावं. वर्गातली काही पोरं दरवर्षी हाच निवडतात, 'निसर्गाला निसर्गावर सोडा' हे वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. पण दोन झाडांची प्रजात म्हणजे एक दरड कोसळायचा अवकाश. दुसरा मार्ग बियांचा. बियांतून जनुकांची नवी सरमिसळ होते, प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं. पण त्यासाठी फुलण्याची, परागणाची, बोंड पिकायची वाट पाहायची, आणि तोवर रोज कड्याखाली कोण जाणार? तिसरा मार्ग छाट कलमांचा. फांद्या आणायच्या, मुळं फुटवायची. लगेच सुरू होतं, बेटावरच होतं, माळ्याच्या हातचं काम आहे. तोटा एकच आणि तो मोठा: प्रत्येक कलम म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. हजार कलमं केली तरी झाडं हजार, वंश दोनच.

नेच्याच्या बाबतीत उपटून रोपवाटिकेत न्यायचा मोह झाला असता तर मी दोष दिला नसता. घरची कुंडी नेहमी सुरक्षित वाटते. पण चार रोपांपैकी एक जरी हलवताना मेलं तर पाव प्रजात गेली. जागेवरच पाणी घालून जगवणं हा दुसरा मार्ग, कष्टाचा आणि बेभरवशाचा. बीजाणू काढून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवणं हा तिसरा. त्यासाठी पान कापावं लागतं, आणि तेही बीजाणू पिकलेले पण उधळले नसलेले, अशा नेमक्या वेळी.

काय केलं

एबनीची कलमं केली. ती लागली. बेंजामिन यांच्या हाताखाली रोपवाटिकेत दोनाची वीस, विसाची शेकडो झाली.

इथे एक तपशील विद्यार्थ्यांच्या हातून सुटतो. सापडलेलं झुडूप आधी ट्रोकेटिऑप्सिस मेलॅनोक्सिलॉन या जुन्या नावाखाली धरलं गेलं. जुने वाळवलेले नमुने नीट तपासल्यावर कळलं की मेलॅनोक्सिलॉन ही वेगळीच प्रजात होती आणि ती खरोखर गेली आहे. कड्यावरच्या झुडपाला १९९५ मध्ये क्रोंक यांनी एबेनस हे नवं नाव दिलं. म्हणजे पंधरा वर्षं लोक एक झाड जिवापाड वाढवत होते आणि त्याचं नाव दुसऱ्या, मेलेल्या झाडाचं होतं. माळ्याला त्याने काही फरक पडला नाही. यादी करणाऱ्याला पडला.

नेच्यासाठी दोन कामं एकदम चालवली. उतारावरची रोपं जागेवरच राखली: पाणी नेऊन घालायचं, आजूबाजूचं रान काढायचं, पुन्हा पुन्हा त्या उतारावर जायचं. आसपास शोध घेतला तसतशी आणखी रोपं मिळाली, बीजाणू पडून नवी उगवली, आकडा काही डझनांवर गेला. दुसरीकडे बीजाणू धरलेले पानांचे तुकडे कापून, निर्जंतुक डबीत घालून विमानाने इंग्लंडला पाठवले. असेन्शनवर लष्करी धावपट्टी आहे, तिचा उपयोग झाला. चोवीस तासांच्या आत ते लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानाच्या प्रयोगशाळेत पोचले.

निर्जंतुक डबी आणि चोवीस तास यांना एवढं महत्त्व का, हे मला एका विटेने शिकवलं. हंसराजाचे बीजाणू उगवून दाखवायचे म्हणून मी दर पावसाळ्यात एक प्रयोग करतो. विटेचा तुकडा उकळत्या पाण्यात तासभर ठेवायचा, गार झाला की प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात बोटभर उकळून गार केलेल्या पाण्यात उभा करायचा, पिकल्या पानाचे बीजाणू कागदावर झटकून विटेवर पेरायचे, झाकण लावायचं आणि खिडकीत उन्हाआड ठेवायचं. तीन-चार आठवड्यांत वीट हिरवट दिसायला लागते. भिंग लावलं की हृदयाच्या आकाराचे पापुद्रे दिसतात, कडा पारदर्शक, मधोमध जाड. एका वर्षी माझ्याच विद्यार्थ्याला राहवलं नाही. आठव्या दिवशी झाकण उघडून त्याने बोटाने वीट चाचपली. सोमवारी आलो तर विटेवर पांढरी बुरशी कापसासारखी वर आलेली. मी ओरडलो नाही, कारण हंसराज विहिरीवर हवा तेवढा आहे, पुन्हा आणला. चारच रोपं असती तर?

निष्पत्ती

क्यूच्या प्रयोगशाळेत नेचा उगवला. २०१० च्या मध्यापर्यंत तिथे सुमारे साठ रोपं होती. ज्याच्यापुढे नामशेष लिहिलं होतं, त्या नेच्याची वर्षभरात नळ्यांत आणि उतारावर मिळून शंभराच्या घरात रोपं झाली. पुढे वाढवलेला नेचा बेटावर परत नेण्याचं कामही सुरू झालं.

एबनीचा आकडा हजारांत गेला. बेटावरच्या बागांत, रस्त्यांच्या कडेला, उजाड माळांवर मुद्दाम केलेल्या लागवडींत ती आता दिसते. शेळ्यांपायी जी झाडं कड्यावर पळाली होती, त्यांची नातवंडं सपाटीवर आली.

तरीही तांबड्या यादीत दोन्ही प्रजाती आजही 'अतिसंकटग्रस्त' आहेत. पोरांना हे पटत नाही. "सर, हजारो झाडं आहेत ना?" आहेत. त्यासाठी एबनीच्या यशानंतर काय झालं ते पाहावं लागतं.

निर्णयाचा खरा टप्पा: यशानंतरचा

सेंट हेलेनावर एबनीची एक बहीण आहे, रेडवुड. ट्रोकेटिऑप्सिस एरिथ्रोक्सिलॉन. ती उंच, सरळ वाढणारी, चांगल्या लाकडाची. वसाहतवाल्यांनी घरांसाठी तोडली आणि कातडी कमवायला तिची साल सोलली. आता ती निसर्गात उरलेली नाही, फक्त लागवडीत आहे, आणि लागवडीतली सगळी झाडं एकाच झाडाची संतती आहेत. परिणाम उघड्या डोळ्यांनी दिसतो. रोपं अशक्त, वाढ रखडत. गावात भाऊबंदांतच लग्नं होत राहिली की जे होतं, ते झाडांतही होतं.

कलमांची एबनी आणि ही रेडवुड बेटावर जवळजवळ लावली गेली. किड्यांनी आपलं काम केलं. एबनीच्या बियांतून काही रोपं वेगळीच निघाली: एबनीपेक्षा उंच, रेडवुडपेक्षा जोमदार. हा संकर. बेंजामिन यांच्या नावावरून त्याला बेंजामिनाय म्हणतात. बेटावर तो आवडीने लावला गेला, कारण भराभर वाढतो आणि फुलतो सुंदर.

वर्गात इथे दोन तट पडतात, आणि मला खरोखर कुठल्या बाजूला उभं राहावं कळत नाही. एक बाजू म्हणते, उजाड, धूप झालेल्या बेटावर जे झाड जोमाने उभं राहतं आणि ज्याच्या अंगात दोन्ही स्थानिक प्रजातींचं रक्त आहे, त्याला परकं का म्हणायचं? रेडवुडची जनुकं टिकवायची असतील तर कदाचित तोच एक मार्ग आहे. दुसरी बाजू म्हणते, एबनीचं बी संकराच्या शेजारी धरलं गेलं तर पुढची पिढी शुद्ध एबनी उरणार नाही. शेळ्यांनी जे दोनशे वर्षांत केलं ते माळी पन्नास वर्षांत करून मोकळा होईल. माझा कल असा: संकर बागेत आणि रस्त्यालगत राहू द्यावा, शुद्ध एबनी मात्र फुलपाखरू-मधमाशी ओलांडणार नाही इतक्या अंतरावर वेगळी लावावी. पण १२२ चौरस किलोमीटरच्या बेटावर असं अंतर काढायचं कुठून, हे मला कोणी विचारलं तर उत्तर नाही.

नेच्याला हा धोका वेगळ्या तऱ्हेने भेटतो. अनेक नेच्यांत एकाच बीजाणूपासून झालेला पापुद्रा नर आणि मादी दोन्ही पेशी धरतो आणि स्वतःशीच फळतो. त्यातून निघणारा नेचा जनुकांच्या दृष्टीने अगदी एकसुरी असतो. आपल्याला ते भयंकर वाटतं. पण दूरच्या बेटावर वाऱ्याने आलेल्या एकाच बीजाणूपासून वस्ती वसवणाऱ्या नेच्यांना ही सवय जुनी आहे. म्हणून 'सगळे एकाच आईचे' हे वाक्य झुडपाच्या कपाळावर लिहिलं तर चिंता, नेच्याच्या कपाळावर लिहिलं तर जरा थांबून विचार.

नेच्याची खरी डोकेदुखी जागेची. प्रयोगशाळेत साठ रोपं झाली, पण परत लावायची कुठे? ज्या उतारावर ती होती तिथे पाहुणी झाडं अजून आहेत. मग जंगलच तोडा, असं एक विद्यार्थी दरवर्षी म्हणतो. तसंही करता येत नाही. असेन्शनचा आणखी एक स्थानिक, इवलासा नेचा, स्टेनोग्रॅमायटिस, आता याच परक्या झाडांच्या शेवाळलेल्या खोडांवर राहतो. एका नेच्यासाठी झाड काढावं तर दुसऱ्याचं घर जातं. हूकरच्या सल्ल्याचा हा हिशेब अजून मिटलेला नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी पाट्या. १९८० मध्ये आलेल्या फांद्या दोन झुडपांच्या होत्या. प्रत्येक कलमाची आई कोणती, हे पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत पाटीवर राहणं हा असल्या कामाचा कणा. रोपवाटिकेत नेहमी असं होतं की एका आईची कलमं पटकन लागतात, दुसरीची कुजतात. माळी साहजिकच लागणारी पुढे वाढवतो आणि दहा वर्षांनी दोनाचा एकच वंश उरतो. हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण झाडं तर हजार दिसतात.

दुसरं, संकराच्या आधी आपसातलं लग्न. दोन झुडपांच्या कलमांना फुलं येताच हाताने परागण करून, फुलाला मलमलीची पिशवी बांधून, शुद्ध बी धरणं आणि ते वाळवून ठेवणं. हे काम कंटाळवाणं आहे. कुंचला, पिशवी, दोरा, तारीख. आकडे वाढवण्याइतकं ते दिसत नाही, फोटोही येत नाही. पण कलमांनी मिळवलेला वेळ नेमका यासाठी खर्च करायचा असतो. रेडवुड शेजारी लावायच्या आधी हे झालं असतं तर संकराचा प्रश्न निम्मा झाला असता. आज हे म्हणणं सोपं आहे. तेव्हा बेटावर हातात दोन फांद्या आणि डोक्यावर शेकडो वर्षांचं ओझं होतं, हेही मान्य.

नेच्याच्या बाबतीत बीजाणू एकाच प्रयोगशाळेत जाणं मला खटकतं. क्यूचे हात सर्वांत तयार हात होते यात वाद नाही. पण एका खोलीतली वीज, एका शीतपेटीचा थर्मोस्टॅट, एक बुरशी, यावर प्रजात टांगू नये. पानाचा तुकडा दोन भागांत कापून दुसरा भाग दुसरीकडे पाठवायचा, हे माझं पुस्तकी उत्तर. त्यावर माझ्याच एका विद्यार्थिनीने टोकलं: "सर, चार रोपं होती. किती पानं कापणार?" बरोबर होतं तिचं. पहिल्या खेपेला एकच जागा ठीक, उगवल्यानंतर दुसऱ्या जागी वाटणी करायची, असं आता मी सांगतो.

एक गोष्ट मात्र दोन्ही वेळा बरोबर झाली आणि तिचं कौतुक होत नाही. झाडं शोधणारे बेटावरचे रहिवासी होते किंवा बेट पायाखाली घातलेले. परगावचा अभ्यासक महिनाभर येतो, ठरलेली वाट चालतो. कड्याच्या कुठल्या वळणावर काय हिरवं दिसतं हे रोज तिथे वावरणाऱ्यालाच कळतं. बेंजामिन वनकर्मचारी होते, प्राध्यापक नव्हते.

आपल्याकडे

हे प्रकरण वर्गात आणायचं कारण आपल्या घाटात आहे. आंबा घाटातल्या सोनघंटेचं शास्त्रीय नाव अब्युटिलॉन रानडेई. १८९४ मध्ये वुड्रो आणि स्टाप्फ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं आणि ती गोळा करणाऱ्या रानड्यांचं नाव तिला दिलं. उताराच्या कडेला वाढणारं झुडूप, लोंबत्या घंटेसारखं पिवळसर फूल, पाकळ्यांवर तांबूस शिरा. तीही एबनीच्याच कुळातली, जास्वंदीच्या. तीही फार मोजक्या जागी उरलेली. तिच्यावरही बियांचे, कलमांचे, टिश्यू कल्चरचे प्रयोग झाले आहेत, म्हणजे एबनीसमोर आलेला प्रत्येक प्रश्न तिच्याही वाटेत आहे.

आमच्या रोपवाटिकेत सोनघंटा नाही. दुर्मीळ झाड परवानगीशिवाय आणून ठेवायचं नसतं. सरावासाठी आम्ही साधी जास्वंद वापरतो. दोन झुडपं, अ आणि ब, एक महाविद्यालयाच्या फाटकाशी, दुसरं पाण्याच्या टाकीजवळ. त्यांची छाट कलमं ऑगस्टमध्ये लावायची, प्रत्येक पिशवीवर आईचं अक्षर आणि तारीख. गेल्या वर्षी चाळीस पिशव्या केल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर जगलेल्या एकतीस मोजल्या, तेव्हा सत्तावीसवर अ होता. दोनवर ब. उरलेल्या दोनांवरची शाई पावसाने धुऊन गेली होती. या वर्षी पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने अक्षर कोरून तारेने बांधतोय.